टोपीतली चिठ्ठी

माझ्या नवऱ्याच्या कानावर पेन्सिल नसेल, तर तो माणूस अर्धाच आहे असं समजायचं. मन्रो हर्शबर्गर घोडागाड्यांची चाकं बनवतो. आरे किती लांब, ते ज्यात बसतात तो मधला तुंबा किती जाड, वरची लोखंडी धाव किती रुंद, सगळं तो लिहून ठेवतो. फळीवर लिहितो, भिंतीवर लिहितो, तळहातावर लिहितो, आणि एकदा तर मी नुकत्याच इस्त्री केलेल्या एप्रनवर लिहिलं होतं. त्याचं डोकं चांगलं आहे, पण त्याचा स्वतःचा त्यावर काडीचा विश्वास नाही. मला मागणी घालायला आला, तेव्हाही काय बोलायचं ते लाकडाच्या ढलपीवर लिहून आणलं होतं. दोन वाक्यं झाली आणि ढलपी हातातून गवतात पडली. दोघंही गुडघ्यांवर बसून शोधायला लागलो. ती सापडेपर्यंत मी हो म्हणून मोकळी झाले होते.

अशा माणसाला देवाने उपदेशक केलं. मी तेव्हा देवावर चांगलीच चिडले होते, हे आता वीस वर्षांनी सांगायला हरकत नाही.

आमच्या ख्रिस्ती मंडळीत उपदेशक बाहेरून येत नाही. शाळेत जाऊन होत नाही, त्याला पगार नाही, आणि एकदा झाला की मरेपर्यंत सुटका नाही. त्या वर्षी उन्हाळ्यात आमचे एक म्हातारे उपदेशक वारले. मग ऑक्टोबरात, प्रभुभोजनाच्या दिवशी, सगळ्या बाप्यांनी आणि बायकांनी एकेक करून दाराशी जाऊन बिशपच्या कानात एक नाव सांगितलं. ज्यांची नावं तीन किंवा जास्त जणांनी घेतली, असे सात जण निघाले. टेबलावर गाण्यांची सात पुस्तकं मांडली होती, सगळी सारखी, सगळी दोऱ्याने बांधलेली. एका पुस्तकात चिठ्ठी. वयाच्या क्रमाने प्रत्येकाने एक पुस्तक उचलायचं, आणि ज्याच्या पुस्तकात चिठ्ठी निघेल तो देवाने निवडलेला.

चिठ्ठी ॲब्नर ट्रॉयरला निघणार, असं सगळे धरून चालले होते. ॲब्नर आमचा शेजारी. आवाज भारदस्त, पवित्र शास्त्रातले अध्यायच्या अध्याय तोंडपाठ. जेवणाआधी प्रार्थना म्हणायला लागला की सूप गार होतं, पण ऐकत राहावंसं वाटतं. मन्रोचं नाव कोणी घेतलं असेल याचा मला आजही पत्ता नाही. मी तरी घेतलं नव्हतं.

बिशप मेनो रेबर एकेक पुस्तक उघडत आले. त्यांनी मन्रोच्या पुस्तकाचा दोरा सोडला, पान उलटलं आणि थांबले. मग त्यांनी मन्रोला खांद्याला धरून उभं केलं आणि त्याच्या गालाचं चुंबन घेतलं, तसा रिवाजच आहे. बायकांच्या बाजूला रडणं सुरू झालं. आमच्यात उपदेशकाच्या बायकोला भेटायला येतात ते मयताला यावं तसं, डोळ्यांना रुमाल लावून आणि हातात खीर घेऊन. माझी बहीण सलोमा गळ्यात पडून हुंदके देत होती. मी रडले नाही. मी मनातल्या मनात देवाला विचारत होते की एवढ्या मोठ्या खोलीत तुला हाच सापडला का?

ती चिठ्ठी मेनोंनी मन्रोला दिली. त्याने ती कोटाच्या खिशात घातली आणि साफ विसरला. सोमवारी धुणं काढताना मला मिळाली. इवलासा कागद, त्यावर मेनोंच्या अक्षरात एकच ओळ, की माणसांची मनं प्रभूला ठाऊक असतात आणि निवड त्याची आहे. चुलीत टाकायचा मला धीर झाला नाही, आणि नवऱ्याला द्यायची इच्छा झाली नाही. बटणांच्या डब्यात तळाशी ढकलून दिली.

खरा घोर पुढेच होता. आमच्या उपदेशकाला हातात कागद घेता येत नाही. अर्धा तास, कधी तासभर, आमच्या पूर्वजांच्या जुन्या जर्मन भाषेतली वचनं घालून नुसतं मनातून बोलायचं. देवाने नेमलं आहे तर शब्दही तोच देईल, असं आमचं म्हणणं. ॲब्नरसारख्याला ते सोपं आहे. माझ्या नवऱ्याला दुकानातून मीठ आणि रॉकेल आणायचं तरी लिहून न्यावं लागतं.

पाठांतर सुरू झालं. सकाळी दूध काढताना गाईला उपदेश, दुपारी आऱ्यांना, गाडीत बसला की घोडीला. आमची घोडी तेवढ्या महिन्याभरात बरीच धार्मिक झाली असेल. तो मात्र वाळत चालला. ताटात अर्धं टाकून उठायचा. आयुष्यात पहिल्यांदा त्याने एक चाक मापात चुकवलं आणि काही न बोलता सरपणात टाकलं.

पहिल्यांदा उभा राहिला तो नोव्हेंबरात, ॲब्नरच्याच घरी. आमच्यात देऊळ नसतं, उपासना घरोघरी होते. एका रविवारी बाकांची गाडी तुमच्या दारात, पंधरा दिवसांनी दुसऱ्याच्या. मन्रो उभा राहिला, सगळे उपदेशक म्हणतात तसं म्हणाला की मी दुबळा माणूस आहे, अब्राहामापर्यंत पोहोचला, आणि संपला. तोंड उघडं, शब्द नाही. चुलीवरच्या किटलीचा आवाज सगळ्या घराला ऐकू येत होता. कोणाचं तरी बाळ रडलं तेव्हा मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! मग तो खाली बसला.

"चार मिनिटं," परत येताना गाडीत तो म्हणाला.

"घड्याळ कशाला बघत होतास?"

"माणसांकडे बघायला तोंड कुठे होतं?"

 मग त्याने लगाम सैल सोडला आणि म्हणाला, "लोविना, ते पुस्तक माझं नव्हतं."

"कुठलं पुस्तक?"

"चिठ्ठीचं. मी आधी कडेच्या पुस्तकावर हात ठेवला होता. मग काय वाटलं कोण जाणे, हात काढला आणि शेजारचं उचललं. माझ्यानंतर ॲब्नर होता. त्याने कडेचं घेतलं. मी हात बदलला नसता, तर हे त्याच्या हाती आलं असतं. सगळ्यांना तेच हवं होतं. देवालाही तेच हवं असणार."

"मग जा आणि सांग बिशपला."

"काय सांगू? देवाची चूक झाली म्हणून?"

"देवाची कशाला? तुझी झाली म्हणून सांग. तुझ्या चुका काय, त्यांना नवीन आहेत?"

मी असं तोडून बोलले खरी, पण मनापासून नाही. कारण मलाही तेच वाटत होतं, आणि आता मला कारणही मिळालं होतं. मेनोंकडे तो गेला नाही. मीही पुन्हा विषय काढला नाही.

दुसरी पाळी डिसेंबरात आली, माझ्या बहिणीच्या, सलोमाच्या घरी. आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी, मी त्याची रविवारची टोपी ब्रशने साफ करायला घेतली. रुंद काठाची काळी टोपी, आमच्या सगळ्या बाप्यांची असते तशीच. आतल्या चामड्याच्या पट्टीमागे काहीतरी कडक लागलं. ओढून काढलं तर मक्याच्या पोह्यांच्या खोक्याचा पुठ्ठा! बोटभर रुंद पट्टी कापलेली, आणि तिच्यावर दोन्ही बाजूंनी मुंगीएवढ्या अक्षरात अख्खा उपदेश. पेत्र, लाटा, वारा, मग नोहा, मग योना. मला माझ्या नवऱ्याचा बेत कळला. उपदेशक उपासनेच्या सुरुवातीला माडीवरच्या खोलीत सल्लामसलतीला जातात, तिथेच पलंगावर त्यांच्या टोप्या ठेवतात. खाली यायच्या आधी तो पट्टीवरून एकदा नजर फिरवणार होता.

आता कोणी म्हणेल, त्यात काय एवढं? आमच्यात आहे. मंडळी उपदेशकाचा शब्द मानते तो याच भरवशावर, की तो देवापुढे मोकळ्या हाताने उभा आहे. पुठ्ठा सापडला असता, तर त्याला सगळ्यांसमोर गुडघे टेकावे लागले असते, आणि त्यानंतर कोणी त्याला वाईट बोललं नसतं, पण कोणी त्याचं ऐकलंही नसतं. आणि पुठ्ठ्याशिवाय गेला आणि पुन्हा चार मिनिटांत बसला, तर तो उरलेला जन्म स्वतःला चुकून आलेला माणूस समजणार होता. मी पुठ्ठा हातात धरून स्वयंपाकघरात उभी राहिले. मग होता तिथे, होता तसा, परत सारला आणि टोपी खुंटीला अडकवली.

रविवारी बर्फ पडून गेलं होतं, ऊन स्वच्छ होतं. पहिलं गाणं सुरू झालं तसे चौघे माडीवर गेले: बिशप मेनो, दुसरे म्हातारे उपदेशक, मंडळीची देणगी-मदत बघणारे डीकन आणि माझा नवरा. खाली दुसरं गाणं लागलं. आमची गाणी फार संथ. एका कडव्यात तीन घरच्या मुलांना भूक लागते. मी गात होते, पण डोळे जिन्याकडे होते.

गाणं संपत आलं तेव्हा आधी डीकन उतरले, मग म्हातारे उपदेशक. मेनो नेहमी सगळ्यांत पुढे असायचे, त्या दिवशी ते तिसरे आले. शेवटी मन्रो आला. त्याचा चेहरा बघून मी गाणं मध्येच सोडलं. सलोमाने मला कोपराने ढोसलं.

वर काय झालं ते मला नंतर कळलं, पण इथेच सांगते. बाकीचे निघाले तेव्हा मन्रो बुटाची नाडी बांधायच्या निमित्ताने मागे राहिला. पलंगावर चार टोप्या. चारही काळ्या, चारही एकाच टोपीवाल्याच्या, आणि मेनोंचं नि त्याचं डोकं एकाच मापाचं. एरवी ज्याच्या डोळ्यांतून चाकाचा केसभर फरक सुटत नाही, त्याने घाईत जी हाताला लागली ती टोपी उचलली आणि पट्टीमागे बोट घातलं. पुठ्ठा नव्हता. कागद होता, तोही धुऊन धुऊन विरलेल्या रुमालासारखा मऊ आणि चहासारखा तपकिरी. उलगडला, तर त्यावर जुन्या वळणाच्या अक्षरात तीच ओळ. माझ्या बटणांच्या डब्यात पडली होती तीच.

ती बिशपची चिठ्ठी होती. त्यांच्या तरुणपणी, त्यांच्या पुस्तकात निघालेली.

"मन्रो, चल. गाणं संपत आलंय," दारातून मेनोंचाच आवाज आला. त्याने चिठ्ठी कशीबशी परत सारली आणि निघाला. स्वतःची टोपी शोधायला आता वेळ नव्हता.

तो उभा राहिला. हात मागे बांधले, मग सोडले. मी दुबळा माणूस आहे, म्हणाला. हे वाक्य सगळेच म्हणतात, आणि आम्ही ऐकत नाही. त्या दिवशी ऐकलं, कारण त्यापुढे काहीच आलं नाही. घड्याळ टकटकत होतं.  देवा, मी मनात म्हटलं, तुझ्यावर मी चिडले आहे ते मान्य, पण ते आपण घरी बघू. आत्ता याच्याकडे बघ.

"पेत्र," मन्रो म्हणाला.

पुन्हा थांबला.

"पेत्र पाण्यावरून चालला आणि बुडायला लागला. तेव्हा त्याने लांबलचक प्रार्थना केली नाही. मला वाचव, एवढंच म्हणाला. मी ह्या घटकेला तेवढंच म्हणू शकतो. माझ्याजवळ दुसरं काही नाही." त्याने जिन्याकडे बोट केलं. "म्हणजे होतं. वर माझ्या टोपीत पुठ्ठा आहे. त्यावर मी सगळं लिहून आणलं होतं. तुमच्यापासून लपवून. मी चुकलो. मागच्या वेळी तुमच्यापुढे उभा राहून रिकामा झालो, त्याची मला इतकी भीती बसली की देवापेक्षा पोह्यांच्या खोक्याचा आधार मोठा वाटला."

बाप्यांच्या बाजूला कोणीतरी खोकलं.  माझे कान तापले होते, आणि तरी माझी मान ताठ झाली. काय वाटलं ते सरळ सांगते, मला त्याचा अभिमान वाटला. आमच्यात अभिमान हे पाप आहे, पण त्या दिवशी बरीच पापं चालू होती, त्यात आणखी एक.

मग तो बोलत गेला. पुस्तकावरून हात कसा काढला ते सांगितलं. ॲब्नरचं नाव घेतलं नाही. "दोन महिने मी म्हणत होतो, की देवाने दुसऱ्याला बोलावलं आणि मी चुकून ओ दिली. आज वर मला एक गोष्ट दिसली. ती काय ते सांगायचा मला हक्क नाही. पण मला वाटतं, मी हात काढणार हे देवाला माझ्याआधी ठाऊक होतं. मी शहाणा निघावा म्हणून तो अडून बसला नव्हता. मी दुकानात तुंब्यात आरा ठोकतो, तेव्हा आरा मला विचारत नाही की मीच का. त्याने फक्त तुंब्यात घट्ट बसायचं असतं. सैल राहिला तर खडखडतो. दोन महिने मी खडखडत होतो."

आवाज मोठा नव्हता. मागच्या बाकावरच्या म्हाताऱ्या कानामागे हात धरून पुढे वाकल्या होत्या. उपदेश म्हणून बघितलं तर तो काही थोर नव्हता. तीनदा मूळ मुद्दा सुटला. नोहाला त्याने माशाच्या पोटात घातलं आणि तीन दिवस तिथेच ठेवलं. पण तो वीस मिनिटं बोलला, आणि मग बसायच्या आधी भिंतीकडे नाही, आमच्याकडे बघितलं.

मोठा उपदेश मेनोंचा होता. तेही त्या दिवशी दोनदा अडखळले. मला नवल वाटलं, कारण मेनो अडखळल्याचं मी जन्मात ऐकलं नव्हतं. त्यानंतर आमच्यात साक्ष असते. उपदेश वचनाला धरून होता की नाही, हे बाकीच्यांनी बसल्या जागेवरून सांगायचं. म्हातारे उपदेशक घसा खाकरून म्हणाले, "नोहा तारवात होता. माशात होता तो योना. तेवढं सोडलं तर मला काही खोट दिसली नाही." लोक माना खाली घालून हसले.

पुठ्ठ्याचा विषय मात्र राहिला होता. शेवटी पोरासोरांना बाहेर पाठवून मेनोंनी विचारलं, "मन्रोने आपणहून सांगितलं. माझ्यापुरतं ते संपलं. आणखी कोणाला काही म्हणायचं आहे?"

मी उभी राहिले. का ते विचारू नका, पायच उठले. "तो पुठ्ठा मी काल बघितला होता," मी म्हटलं. "आणि गुपचूप परत ठेवला. त्याला अडवलं नाही."

मन्रोने एवढी मान वळवली की मोडते की काय असं वाटलं. मेनोंनी माझ्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे.

"म्हणजे घरात दोघंही एकाच लाकडाचे," ते म्हणाले. "बसा. माफ आहे. कॉफी गार होते आहे."

जेवायला पाव, शेंगदाण्याच्या लोण्याचं गोड सारण, लोणच्याच्या काकड्या आणि लाल बीट, नेहमीचंच. बाप्यांच्या टेबलावर मी कॉफी वाढत होते. ॲब्नर मन्रोच्या शेजारी येऊन बसला. मी किटली घेऊन तिथेच रेंगाळले, कारण हात काढल्याची गोष्ट ऐकून ॲब्नरला सगळं कळलं असणारच.

"कडेचं पुस्तक मीच घेतलं होतं," ॲब्नर म्हणाला.

"माहीत आहे."

"ते बांधलेलं होतं तोवर मी भीतीने अर्धा झालो होतो. उघडल्यावर रिकामं निघालं, तेव्हा मला रडू आलं. लोकांना वाटलं, तुझ्यासाठी रडतोय."

"मग कशासाठी?"

"सुटलो म्हणून! अरे, प्रार्थना म्हणणं वेगळं आणि हे वेगळं. तू आता मध्येच हे पुस्तक माझ्या गळ्यात घालायला बघू नकोस. काकडी घे."

मन्रोने काकडी घेतली. मग आणखी एक घेतली, आणि पावाचे दोन तुकडे. मी मुद्दाम दुसऱ्यांदा त्या टेबलाला गेले ते तेवढंच बघायला.

निघायच्या वेळी मी गाडीत पांघरूण गुंडाळून बसले होते आणि मन्रो घोडी जुंपत होता. मेनो अंगणातल्या बर्फातून आमच्याकडे आले. त्यांच्या हातात दोन टोप्या होत्या. एक त्यांनी मन्रोला दिली. पुठ्ठा तिच्यात तसाच होता, एक कोपरा बाहेर डोकावत होता.

"ही तुझी," ते म्हणाले. "माझी तू सकाळी उघडलीस."

मन्रोचा चेहरा पडला. "मुद्दाम नाही. घाईत हाताला लागली. चिठ्ठी होती तशी परत ठेवली."

"उलटी ठेवलीस. पण त्यावरून नाही कळलं, मी दारातून बघितलं. मी त्यासाठीच परत फिरलो होतो."

"कशासाठी?"

मेनो घोडीच्या मानेवर हात ठेवून उभे राहिले. सत्तरीचा माणूस, आमच्या खोऱ्यातली अर्धी लग्नं त्यांनी लावलेली, आणि आत्ता ते पोरासारखे खाली बुटांकडे बघत होते. "बेचाळीस वर्षं झाली," ते म्हणाले. "दर वेळी खाली यायच्या आधी मी ती चिठ्ठी काढून बघतो. खरंच माझ्याच पुस्तकात निघाली होती ना, याची खात्री करून घेतो. कारण दर रविवारी मला वाटतं, की काहीतरी चूक झाली असणार."

"तुम्हाला?" मन्रो म्हणाला.

"मग काय फक्त तुलाच वाटेल? आज बघायला आलो, तर ती तुझ्या हातात. मला तुझा रागच आला. मग वाटलं, याच्याकडून काढून घेऊ तरी कशी? आज तिची गरज याला जास्त आहे. म्हणून न बघता खाली आलो."

"म्हणून तुम्ही अडखळलात," मी गाडीतून म्हटलं. माझी जीभ अशीच आहे.

"दोनदा," मेनो म्हणाले आणि हसले. "पण पडलो नाही. चिठ्ठी वर होती, पण निवडणारा खाली होता." त्यांनी टोपी डोक्यावर ठेवली आणि मन्रोच्या खांद्यावर थोपटलं. "तुझी चिठ्ठी कुठे आहे रे?"

मन्रो गोंधळला. "मला वाटतं, हरवली."

मी पांघरुणात तोंड खुपसलं. रस्ताभर ते बाहेर काढलं नाही, आणि मन्रोने दोनदा विचारलं की थंडी वाजते आहे का.

घरी आल्यावर पुठ्ठा त्याने स्वतः चुलीत टाकला. चांगला भडकन पेटला, योना, नोहा आणि सगळे. मी बटणांचा डबा टेबलावर उपडा केला आणि बटणांतून ती चिठ्ठी काढली.

"ही तुझी. दोन महिने माझ्याकडे होती."

त्याने ती वाचली. मला वाटलं होतं रागावेल. "तू का ठेवली होतीस?"

"देवाला परत करायची होती," मी म्हटलं. "त्याने घेतली नाही."

तो एकदम मोठ्याने हसला, मग त्याचे डोळे भरून आले, आणि माझेही. ऑक्टोबरात सगळ्या बायका रडल्या तेव्हा जे माझं राहिलं होतं, ते त्या टेबलाशी रडून झालं. तो समोर बसून बटणं पुन्हा डब्यात भरत होता, मोठी वेगळी, लहान वेगळी, आणि मला वाटलं की याला कोणी चुकून बोलावलेलं नाही.

मग मी त्याची टोपी घेतली आणि चिठ्ठी पट्टीमागे ठेवली.

"दोन टाके घाल," तो म्हणाला. "पडेल."

"पडू दे की. मेनोंचीही कोणी शिवलेली नाही."

"आणि हरवली तर?"

मी त्याच्या कानावरची पेन्सिल काढली आणि टेबलावर ठेवली. "तर तू आज जसा उभा राहिलास, तसा राहशील. ऊठ, हात धू. बटाटे तळते आहे."

त्याने हात धुतले, आणि तीनदा बटाटे घेतले.